आधीचं बरं, की आत्ताचं?

घरात मला भिंगरी म्हणतात. जेवायला बसले तरी माझा एक पाय हलत असतो. त्या बुधवारी तर दोन्ही हलत होते, कारण संध्याकाळी पाचच्या आत मला कॉलेजची एक जागा पक्की करायची होती. नंबर दोन ठिकाणी लागला होता. एक, डोळे तपासण्याचा कोर्स, म्हणजे पुढे बाबांचं चष्म्याचं दुकान. दुसरा, मल्टिमीडिया कम्प्युटिंग आणि वेब डिझाइन, म्हणजे पुढे काय ते देव जाणे. एक घेतलं की दुसरं गेलं.

आई म्हणाली, तुझं तू ठरव, आणि शाळेत शिकवायला निघून गेली. आत्या दुकानाचं काउंटर सांभाळते, तिचं मत विचारावं लागत नाही. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये, आणि कॉम्प्युटरवर चित्रं रंगवायला कॉलेज कशाला हवं, हे तिने सकाळपासून तीनदा ऐकवलं होतं. बाबांना विचारलं की एकच उत्तर, "तुला आवडेल ते." असल्या उत्तराने माझं डोकंच फिरतं. अहो, आवडतं काय हेच कळलं असतं तर विचारलं असतं कशाला?

हे खूळ डोक्यात शिरलं ते दुकानाच्या वेबसाइटमुळे. तीन आठवड्यांपूर्वी मी ती एकटीने बनवली. पांढरंशुभ्र पान, त्यावर नाजूक, फिकट करडी अक्षरं, आणि मधोमध हळूहळू गोल फिरणारी चष्म्याची फ्रेम. मैत्रिणी खूश झाल्या. बाबांच्या हातात मोबाइल दिला आणि म्हटलं, नीट वाचा, कुठे चुकलं असेल तर सांगा. त्यांनी बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, छान झालंय, सगळं बरोबर आहे. त्या एका वाक्यावर मी आठवडाभर तरंगत होते.

दोनच्या सुमाराला कपडे शिवणाऱ्या मावशी तणतणत आत आल्या. त्यांच्या चष्म्याची काडी तुटली होती. दुकान उघडं आहे असं सुनेने वेबसाइटवर वाचून सांगितलं, म्हणून बिचाऱ्या काल लांबून आल्या, तर दाराला कुलूप आणि पाटीवर 'मंगळवारी बंद'. आमचं दुकान मंगळवारी बंद असतं आणि मी लिहून ठेवलं होतं बुधवार. फोन करावा म्हटलं तर त्या पानावर नंबर दिसेल तर शपथ, असंही त्यांनी सुनावलं. दोन दिवस सुईत दोरा ओवता आला नव्हता त्यांना. आत्याने माझ्याकडे असं बघितलं की जमीन दुभंगली असती तर बरं झालं असतं.

चूक माझी, कबूल. पण बाबांनी वाचलं होतं ना? मी तडक आतल्या तपासणीच्या खोलीत गेले आणि विचारलं. नजरचूक झाली, म्हणाले.

बाबांची नजरचूक? रस्त्यापलीकडून चालणाऱ्या माणसाची काच केसभर तिरकी बसली असली तरी ओळखणारा माणूस हा. आणि मग एकेक आठवायला लागलं. काचांवर मध्यबिंदूची खूण करायचं काम गेले काही महिने माझ्याकडे आलं होतं. तुझा हात हलका आहे, म्हणाले होते, आणि मी मूर्ख फुशारून गेले होते. सकाळचा पेपरसुद्धा हल्ली आत्याच मोठ्याने वाचायची.

मी त्यांना गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसवलं. नको नको म्हणत होते, पण बसले. भिंतीवरचा तक्ता त्यांनी शेवटच्या ओळीपर्यंत घडाघडा म्हटला. म्हणणारच, तीस वर्षं तोच तक्ता आहे, पाठ झालाय. मग मी माझी वेबसाइट उघडून मोबाइल त्यांच्यापुढे धरला.

"हे वाचा."

बाबांनी मोबाइल जवळ नेला, लांब नेला, आणि शेवटी खरं काय ते सांगितलं.

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात ठरलं होतं, आत्याला आणि आईला माहीत होतं, मला सोडून सगळ्यांना.

"मला का नाही सांगितलं?"

"आज पाच वाजून गेल्यावर सांगणार होतो," बाबा म्हणाले. "आधी कळलं असतं तर तू दुकान घेतलं असतंस. माझ्यासाठी."

मला रडू आलं आणि रागही आला, दोन्ही एकदम. मग आता दुकानच घेते, म्हटलं. ते शांतपणे म्हणाले, ऑपरेशन पंधरा दिवसांचं असतं, दुकान जन्माचं असतं, हिशेब नीट कर.

मला तिथे उभं राहवेना. बाहेर येऊन मी दुकानाच्या कॉम्प्युटरसमोर बसले आणि आधी तो बुधवार खोडून मंगळवार केला. मग अक्षरं काळी केली, मोठी केली. फोन नंबर सगळ्यात वर आणला. ती गोल फिरणारी फ्रेम काढून टाकली, जिव्हारी लागलं पण टाकली. बाबांना शेजारी बसवून घेतलं, अक्षरांचं वळण बदलून दाखवलं आणि ते गिऱ्हाइकांना दिवसभर जे विचारतात तेच त्यांना विचारलं.

"आधीचं बरं, की आत्ताचं?"

"आधीचं," बाबा म्हणाले. या वेळी खोटं बोलले नाहीत.

पुन्हा बदललं. आत्ताचं बरं, पण आकडे जाड कर. केले. काडी बसवून घेतलेल्या मावशीही मागे येऊन उभ्या राहिल्या आणि वार कुठे लिहिलाय ते अजून शोधावं लागतं म्हणाल्या. तोही वर आणला. चहा कधी आला आणि कधी गार झाला, पत्ता नाही.

"भिंगरे, पावणेपाच झाले," आत्या काउंटरवरून म्हणाली. मग बाबांकडे वळून म्हणाली, "दोन तास ही पोरगी जागची हलली नाही. मी बघतेय."

मी खाली बघितलं. दोन्ही पाय जमिनीवर गप्प होते. आत्या लगेच फडक्याने काचेचं कपाट पुसायला लागली, जणू ती काही बोललीच नव्हती.

मी कॉलेजचं पान उघडलं. त्यावरची अक्षरं माझ्या पहिल्या पानाहून फिकट. ऑपरेशननंतर दुकानात कोण बसेल, काचांवर खुणा कोण करेल, सगळं एकदम डोक्यात घोंगावायला लागलं.

"पहिलं की दुसरं?" बाबांनी विचारलं. "पटकन. विचार करणारं गिऱ्हाईक चुकीचं सांगतं."

"दुसरं," मी म्हटलं आणि बटण दाबलं.

पाय पुन्हा हलायला लागले. बाबा स्क्रीनकडे डोळे बारीक करून बघत होते. हिरवी खूण आली होती, पण ती त्यांना दिसत नव्हती. झालं का गं, त्यांनी विचारलं. मी कोर्सचं नाव मोठ्याने वाचून दाखवलं. दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा काउंटरवर आत्यालाही ऐकू जाईल असं.