डाव्या हाताची शीर

सुई आत गेली, पण नळीत रक्त आलं नाही. लॅबमध्ये नव्यानेच लागलेल्या तिने सुई किंचित मागे घेतली, पुन्हा पुढे सरकवली. खुर्चीतल्या गृहस्थांनी दात आवळले. दुसऱ्या हातावरही तेच झालं, तेव्हा मात्र ते उसळले.

"माझा हात म्हणजे टाचण्या टोचायची उशी वाटली का? कुणी शिकलेलं माणूस आहे की नाही इथे?"

आतल्या खोलीतून मोठ्या बाई आल्या. लॅबमध्ये सगळेच त्यांना तसं म्हणत. रक्त घेण्यात त्यांचा हात धरणारं तिथे कुणी नव्हतं. त्यांनी गृहस्थांच्या दंडाला पट्टा बांधला, कोपराच्या खळग्यात बोट फिरवलं, मुलगी कितवीला आहे म्हणून विचारलं, आणि उत्तर पुरं व्हायच्या आत नळी भरलीसुद्धा.

"झालं?" गृहस्थांना खरं वाटेना.

"झालं. बोळा दाबून धरा."

ती कोपऱ्यात उभी होती. हातमोजे काढायचं तिला सुचलं नव्हतं.

मुलं शाळेत रुळल्यावर तिने रक्त घ्यायचा हा कोर्स केला होता. वर्गात तिचा पहिला नंबर आला होता. पण वर्गातला हात रबराचा होता, त्याला दुखत नव्हतं आणि तो कुणावर खेकसत नव्हता. गृहस्थ उसळले त्या दिवसापासून ती नळ्यांवर नावं चिकटवायचं काम पुढे होऊन करू लागली. कुणी खुर्चीत बसायला आलं की तिला आतलं काहीतरी आवरायचं आठवायचं. मोठ्या बाई एका शब्दाने बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं, असं तिला वाटे.

"जमत नाही मला," एका संध्याकाळी जेवताना तिने सांगून टाकलं. "लोकांच्या जिवाशी खेळ नको. उद्या जाऊन सांगते, सोडते म्हणून."

नवरा काहीतरी बोलणार होता, पण सासूबाईंनी त्याला हातानेच थांबवलं.

"याला पहिल्यांदा न्हाऊ घातलं ना, तेव्हा मी याच्या कानात पाणी घातलं होतं. हात नुसते लटलट कापत होते माझे."

"मग?"

"मग काय? अजून कुठे ऐकतो तो?"

"ऐकतोय मी, आई," नवरा म्हणाला.

ती हसली. पण मनातला बेत काही बदलला नाही.

सकाळी ती लवकरच लॅबवर गेली. दार अर्धवट उघडं होतं. मोठ्या बाई आधीच आल्या होत्या, आणि रक्त द्यायला येणाऱ्यांच्या खुर्चीत डावी बाही वर करून बसल्या होत्या. शेजारच्या ट्रेमध्ये सुई, पट्टा, कापूस आणि तीन रिकाम्या नळ्या मांडून ठेवल्या होत्या.

"बाई, मला जरा बोलायचं होतं."

"मग बोल. आधी माझं रक्त घे."

"तुमचं?"

"का, माझ्या अंगात रक्त नाही?"

आपल्याला सराव देण्यासाठी बाईंनी हे मांडलंय, हे तिच्या लक्षात आलं. सरावाला तीन नळ्या कशाला, असं क्षणभर वाटलं, पण विचारायचा धीर झाला नाही. तिने हात धुतले, मोजे चढवले, पट्टा बांधला.

"शीर दिसत नाही, बाई."

"नाही दिसली तरी चालेल. डोळ्यांनी शोधू नकोस, डोळे फसवतात. बोटाने चाचप. दाबून सोडली की जी बोटाला उलट वर ढकलते, ती शीर."

तिने चाचपलं. कातडीखाली काहीतरी लवचीक, जिवंत असं बोटाला लागलं. खात्री करायला तिने पुन्हा दाबून पाहिलं. मग स्पिरिटचा बोळा फिरवला आणि वर बघितलं. बाईंनी मान भिंतीकडे वळवली होती, डोळे घट्ट मिटले होते. उजव्या हाताने त्यांनी खुर्चीचा दांडा असा धरला होता की बोटांची पेरं पांढरी पडली होती.

"एकदाच टोचेल हं, बाई," ती म्हणाली. हा आवाज आपलाच का, असं तिला वाटलं. "चहा झाला का सकाळी?"

"नाही. उपाशीपोटीच—"

गडद लाल धार नळीत उतरली. एक नळी भरली, दुसरी, तिसरी. तिने पट्टा सोडला, सुई काढली, कापूस दाबला.

"आलं, बाई! पहिल्याच टोचणीत आलं!"

बाईंनी हळूच डोळे उघडले. "कळलंसुद्धा नाही मला."

"आता या नळ्या फेकून देऊ ना?"

"फेकतेस कशाला? माझं नाव घाल. कधीपासून वजन उतरतंय. डॉक्टरांना कसली तरी शंका आहे. सगळं तपासायला सांगितलंय."

तिने नळ्यांकडे पाहिलं.

"मग बाई, माझ्याकडून कशाला? इतक्या जणी आहेत इथे, जुन्या, हुशार..."

"त्यांना काय सांगू? जन्मभर लोकांना टोचत आले, आणि स्वतःला टोचायची वेळ आली की सुईकडे बघवत नाही म्हणून?" बाई कसनुशा हसल्या. "रात्रभर विचार केला. तू हसणार नाहीस, एवढी खात्री होती."

कापूस धरायला बाईंनी हात पुढे केला.

"राहू द्या," ती म्हणाली. "मी धरते."

बाहेर खुर्च्या सरकल्याचे आवाज आले, कुणीतरी खोकलं. काउंटरवरच्या मुलीने दारातून डोकं आत घातलं.

"बाई, पहिल्या आजोबांना पाठवू का?"

मोठ्या बाई उठू लागल्या. तिने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"तुम्ही बसा. आधी काहीतरी खाऊन घ्या." आणि दाराकडे वळून ती म्हणाली, "आजोबांना दुसऱ्या खुर्चीत बसव. हात धुऊन आलेच मी."