तेलानं निथळणारा मग

मी मग बोलतोय. माशांच्या पिलांना खाणं घालायचा, कान तुटलेला, प्लास्टिकचा मग. तुम्ही निदान ऐकताय. या घरात माझं ऐकतं कोण?

साच्यातून निघालो तेव्हा चांगला निळाशार होतो. कुणाच्या तरी न्हाणीघरात जाईन असं वाटलं होतं. आलो या पत्र्याच्या शेडमध्ये, खाऱ्या पाण्याच्या टाकीपाशी. घरच्या सुनेनं नोकरी सोडून समुद्री माशांची पिलं वाढवायला घेतली होती. ही जगली नाहीत तर शेड बंद, असं घरात ठरलेलं.

खाण्याचे दाणे तयार यायचे. सून सगळ्यांना बजावायची, "यांना आत्ता अंग धरायचंय, म्हणून प्रथिनं भरपूर हवीत. तेल दाण्यांत आहे तेवढं पुरे. जास्त झालं की पोट लवकर भरतं, आणि मग खाणंच सोडतात." सगळे माना डोलवायचे.

ती वळली रे वळली की सासूबाई हजर. "किती वाळलीत गं बाई!" म्हणत माझ्यातल्या दाण्यांवर माशाच्या तेलाची धार धरायच्या. त्या गेल्या की सासरे. "सूनबाईचा हात जरा आखडताच," असं पुटपुटत आणखी एक धार. आणि दोघंही एकमेकांपासून चोरून! मी नुसता निथळत होतो. एकदा हातातून निसटलो, तर सासरे मलाच म्हणाले, "हा मग मेला धड नाही."

पिलं चार दाणे खाऊन पाठ फिरवायची. पोटं टम्म, पाठी काडीसारख्या. "खातच नाहीत, ताकद कुठून येणार?" म्हणून पुन्हा तेल. मला कपाळ असतं तर बडवून घेतलं असतं.

शेवटी एका सकाळी कितीतरी पिलं तळाशी मरून पडलेली दिसली. सुनेनं एक चिरून पाहिलं. काळीज फिकट, तेलकट. तिनं मला उचललं, आतून बोट फिरवलं, हुंगलं.

"आई, तेल तुम्ही घालता?"

"थेंबभरच गं."

"तू पण?" सासरे बोलून गेले आणि जीभ चावली.

"पण म्हणजे? अहो, तुम्ही घालत होतात तर मला सांगायचं नाही का?"

"तू सांगितलंस?"

सून हसली नाही. "निम्मी टाकी रिकामी झाली," एवढंच म्हणाली आणि मला साबणानं खसाखसा घासलं.

तेव्हापासून मी कोरडा आहे. पिलं आधी खायलाच तयार नव्हती. काल मात्र दाणे पडताच वर झेपावली, पाणी खळखळलं. सासूबाई दारातच उभ्या होत्या, आत यायचा धीर होत नव्हता. सुनेनं मला त्यांच्या हातात दिलं.

"तुम्ही घाला, आई. फक्त दाणे."

त्यांनी घातले. गेलेली पिलं काही परत यायची नाहीत, ते आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. म्हणून माणसांनो, एवढंच मागतो. जीव लावा, खुशाल लावा. पण ज्याला भरवताय त्याच्या पोटाकडे आधी बघा.