लाल दिव्याचा ॲम्प्लिफायर

नवऱ्याला छंद जरूर असावा, पण तो कपाटात मावणारा असावा, असं जयमालाचं स्पष्ट मत होतं. एकनाथचा छंद आता टेबलावर, टेबलाखाली आणि आप्पांच्या खाटेच्या पायथ्याशी पसरला होता. गंजाडच्या शाळेत दिवसभर पोरांना पाढे घोकवून ती दमून घरी यायची आणि जेवायला बसावं तर ताटाच्या जागी सोल्डरिंगचं सामान. एकदा तर आमटीत स्क्रू निघाला. या गृहस्थाने तो धुतला, पुसला आणि ‘हाच शोधत होतो’ म्हणून खिशात टाकला.

बरं, हौसेपुरतं असतं तर तिने सोडूनही दिलं असतं. पण हे काम आप्पांसाठी चाललं होतं.

आप्पा म्हणजे तिचे सासरे. तरुणपणी ते डहाणूच्या एका बँडमध्ये क्लॅरनेट वाजवायचे. तलासरीकडची लग्नं म्हणू नका, गुजरातच्या हद्दीतली म्हणू नका, सगळीकडे वाजवून आले होते. आता फुप्फुसांनी हात टेकले होते. डॉक्टरांनी एकनाथला बाजूला घेऊन सांगितलं होतं, त्यांना जे हवं ते आता द्या. यातून काय समजायचं ते नवरा-बायको दोघंही समजले होते. पण आप्पांना खायला काही नको होतं, त्यांना ऐकायचं होतं. उधव्याच्या धर्मेशने आपल्या आईवडिलांच्या लग्नाची जुनी व्हिडिओ कॅसेट मोबाइलवर उतरवून पाठवली होती. त्यात आप्पांचा बँड होता, आणि शेवटी, नवरी निघताना, आप्पांनी एकट्याने वाजवलेलं क्लॅरनेट होतं. उभ्या आयुष्यात त्यांचं वाजवणं कुणी टिपून ठेवलेलं असेल तर तेवढंच. मोबाइलचा आवाज त्यांच्या थकल्या कानांना पुरेना. शेजारच्या हिनाने आपला छोटा स्पीकर आणून दिला, तर म्हणाले, डब्यात कोंबडी कोंडल्यासारखं वाटतंय.

जयमालाचं म्हणणं साधं होतं, की बाजारात जा आणि तयार सेट घेऊन या. पण नाही. तयार सेटमध्ये म्हणे आपण पैसे मोजतो ते खोक्याच्या चकाकीचे. ॲम्प्लिफायरचं किट मागवलं की स्वस्तात खरा आवाज घरात. आलं किट कुरियरने. बोर्ड, ट्रान्सफॉर्मर, स्पीकर, प्लायच्या फळ्या, सगळं त्यात होतं. दुसरा कुणी असता तर जोडून, वाजवून मोकळा झाला असता. पण एकनाथ रेल्वेच्या सिग्नल खात्यातला माणूस. त्याची सगळी नोकरी एका वाक्यावर उभी होती, संशय आला की लाल दिवा. तार तुटो, पाणी शिरो, उंदीर कुरतडो, गाडी जागच्या जागी थांबली पाहिजे.

तेच त्याने घरी केलं. स्पीकर जळू नये म्हणून किटमध्ये दोन्ही बाजूंना एकेक रिले होता, म्हणजे गडबड दिसताच आवाज तोडणारा स्विच. याला तेवढ्याने कसली शांती! त्याने ते आणखी हळवे केले आणि वर लाल दिवे बसवले. परिणाम असा, की बँड सुरू व्हायचा, ताशा चढायचा, आणि टक. लाल दिवा. उजवा स्पीकर बंद, पाठोपाठ डावा बंद. मग हा माणूस झाकण उघडून बसायचा आणि आप्पा छताकडे बघत पडायचे. नवरी काही निघायची नाही आणि आप्पांचं क्लॅरनेट काही यायचं नाही.

तिने सुचवून पाहिलं, रेकॉर्डिंग पुढे सरकवून थेट क्लॅरनेटच लावू. त्यावर म्हातारबुवांनी मान हलवली. बँडमध्ये आपली पाळी आल्याशिवाय त्यांनी कधी वाद्य तोंडाला लावलं नव्हतं, आता काय मधूनच घुसायचं? जसा बाप तसा लेक.

“तो रिले काढून टाका ना एकदाचा,” ती म्हणाली.

एकनाथने तिला समोर बसवून नीट दाखवलं, की इथून इथपर्यंत एवढीशी तार टाकली की रिले असून नसल्यासारखा, काम फत्ते. “पण ते मी करणार नाही. नोकरीत एकदाही केलं नाही. दिवा उगाच लागत नाही, जयू. आत कुठेतरी दोष आहे.”

तो दोष शोधायला, रविवारी, तो वापीला पार्ट आणायला गेला.

दुपारी आप्पांचा श्वास बिघडला. घरात आणून ठेवलेल्या सिलिंडरचा ऑक्सिजन लावला, तेव्हा जरा शांत झाला. त्यांनी डोळे उघडून फक्त यंत्राकडे बोट केलं. जयमालाला रडू आलं आणि त्याहून जास्त राग आला. देव पाण्यात ठेवून बसायची वेळ आणि हा वापीत पार्ट हुडकतोय! ठिणगी उडाली तर म्हणून तिने आधी ऑक्सिजन बंद करून सिलिंडर बाहेर सरकवला, यंत्राचं झाकण उघडलं, आणि खाटेजवळच्या स्पीकरच्या रिलेवर, नवऱ्याने दाखवली होती तिथेच, तार टाकली.

बँड सुरू झाला. ताशा चढला. लांबचा स्पीकर टक करून गेला, पण खाटेजवळचा वाजत राहिला. खोली भरून गेली. आप्पांनी मान वळवली. ट्रंपेट झालं, वरात झाली, जेवणावळीचा गोंगाट झाला, आणि पिशवी हातात घेऊन एकनाथ दारात येऊन उभा राहिला. तो काही बोलायच्या आतच स्पीकरमधून घरघर आली, धूर निघाला आणि आवाज मेला. जयमालाने झटकन मोबाइल थांबवला.

दोष होता. एकनाथ बरोबर होता. आता हा काय काय ऐकवणार याची तयारी करून ती उभी राहिली, पण त्याहून जास्त, आपण म्हाताऱ्याच्या तोंडचा घास घालवला हे तिला डाचत होतं.

“थांबवलं का?” आप्पा म्हणाले. “आता माझंच आहे.”

एकनाथने जळक्या स्पीकरकडे पाहिलं, मग बापाकडे. पिशवी खाली ठेवली. यंत्राशी गुडघे टेकून बसला आणि दुसऱ्या बाजूच्या रिलेवर, स्वतःच्या हाताने, तार टाकली.

“तोही जळेल,” जयमाला म्हणाली.

“जळू दे. तू लाव.”

तिने लावलं. बायकांचं रडणं ऐकू आलं, गाडीचं दार लागल्याचा आवाज आला, आणि मग क्लॅरनेट. जयमालाने लग्न होऊन या घरात आल्यापासून सासऱ्यांना वाजवताना कधी ऐकलंच नव्हतं. एवढं गोड वाजवणारा माणूस आपल्या हातची भाकरी खात एवढी वर्षं गप्प बसला होता, हे तिला आजच कळत होतं. एकनाथ एक हात बटणावर ठेवून स्पीकरच्या जाळीकडे बघत होता. जाळीतून बारीक धूर यायला लागला. त्याने तो पाहिला. बटण दाबलं नाही.

शेवटचा सूर लांबला, उतरला आणि संपला. आप्पांनी मिटलेले डोळे उघडले. मग ते हळूच म्हणाले, “आता बंद कर, एकनाथ. मघापासून जळल्याचा वास येतोय.”