शीर्षक नसलेल्या नोंदी

नव्या लॅपटॉपवर तिचा जुना पायथन प्रोग्रॅम अडखळला, तेव्हा बिघाड शोधायला तिनं दादाच्या ब्लॉगची फीड, म्हणजे नोंदींची कच्ची यादी, न गाळता, येते तशी पडद्यावर ओतली.

हा प्रोग्रॅम तिनं व्हिडिओ बघत, चुकत, स्वतःच लिहिला होता. फीडमधून शीर्षक, तारीख आणि मजकूर वेगळा काढायचा आणि रोज सकाळी तिला पाठवायचा, एवढंच त्याचं काम. ब्लॉग सरळ उघडूनही वाचता आला असता. पण मग दादा तिला ‘इंजिनीअरबाई’ कशाला म्हणाला असता?

वहिनी गेल्यावर तो म्हणाला होता, “मला जरा एकटं राहू दे. बोलावंसं वाटलं की लिहीन.” तेव्हापासून रोज चहासोबत प्रोग्रॅमकडून एकच ओळ यायची: नवीन काही नाही. ती कप विसळायची, फोन उचलायची, परत पालथा ठेवायची. त्याचा शब्द मोडायचा नव्हता.

आता पडदा थांबायचं नाव घेईना. शेजारचं मांजर. गच्चीचं गंजलेलं कुलूप. सवयीनं दोघांपुरता झालेला स्वयंपाक. सगळ्या तारखा वहिनीनंतरच्या, आणि प्रत्येक नोंदीत शीर्षकाची जागा तेवढी रिकामी. एके ठिकाणी त्यानं लिहिलं होतं, नावं तुझी वहिनीच द्यायची, मला सुचत नाहीत.

तिनं प्रोग्रॅममधली आपली ओळ शोधली. शीर्षक नसेल तर नोंद सोडून दे. दादा कधीकधी शीर्षकाशिवाय नुसतेच फोटो टाकायचा. ती अडगळ नको म्हणून तिनंच घातलेली. तेव्हा स्वतःवर केवढी खूश झाली होती. तिनं ओळ पुसली आणि फोन सुलटा केला.

दादानं लगेच उचलला.

“बोला, इंजिनीअरबाई.” आवाज बसला होता. मग म्हणाला, “वाचतेयस ना? तू वाचतेस म्हणून तर लिहीत राहिलो. नाहीतर इथं भिंतींशिवाय आहे कोण?”

तिनं चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

“वाचते की.”

“मग कालचं कसं वाटलं?”

कालचं पडद्यावर सगळ्यात वर होतं. दोन ओळींवर नजर टाकून वेळ मारून नेता आली असती. तिनं लॅपटॉप मिटला.

“तूच वाचून दाखव ना, दादा. तुझ्या आवाजात.”

पलीकडे खुर्ची सरकली, चष्म्याची डबी उघडली. त्यानं घसा खाकरला आणि क्षणभर थांबला, वहिनीनं दिलेलं नाव आलं असतं तिथं. मग थेट पहिल्या वाक्यापासून वाचू लागला.