कुत्र्यांचं जव

"मेल्या कुत्र्याच्या नावचं जव खायचं म्हंजी हराम हाय, यमने. आज मालकाला सांगून टाकतो."

"सांगा की! जित्या पोरास्नी उपाशी मारनं तेवढं हलाल, न्हवं?"

सकाळधरनं नवरा-बायकोचं ह्येच चाललं व्हतं. मी त्येंच्याच तंबूम्होरं च्याचा पेला घिऊन बसलो व्हतो. ह्यो बेलखैर आन् मी, अल्लाल, आमी दोगं एकाच हाजीच्या मेंढ्या राखतो. ईस वरसं झाली. पैलं त्येच्याकडं तीनशे, माझ्याकडं तीनशे. आता दोगांच्या मिळून तीनशे भरनात. पावसाबिगरचं ह्ये तिसरं वरीस. माळावर हल्फा गवताची थोटकं उरल्यात, आन् वारा असा की तोंड उघडलं का दातात माती. बोलायचापन कटाळा येतोय बगा.

महिन्यामागं लांडग्यानं बेलखैरचा एक कुत्रा फाडला. ऱ्हायला एक, म्हातारा सबा. पन हाजीच्या वाड्यावरनं जव येतच ऱ्हायलं, दोन कुत्र्यांचं. मानसाचं पीठ कधी उशिरा यायचं, कधी निम्मं यायचं. कुत्र्यांचं जव मातूर येळंवर. का म्हनशीला तर, कुत्रं उपाशी ऱ्हायलं की लांडगा मालकाची मेंढी नेतो. मेंढका उपाशी ऱ्हायला तर त्यो जरा हळू चालतो, एवढंच. यमना त्या जवाच्या भाकरी थापायची आन् तीन पोरांची पोटं भरायची. बेलखैर त्या भाकरीला शिवत नव्हता. पाच येळा नमाज पढनारा मानूस, निस्त्या च्यावर दिस काढत व्हता.

दुपारी गाडी आली. हाजी आता खाटेला खिळलाय, कारभार ल्योकाकडं, नौफलकडं. शहरात शिकलेला पोरगा, वाईट न्हाई. सतरंजीवर बसला, च्या घ्येतला आन् कागद काढला.

"बेलखैरकाका, अल्लालकाका, आता नवी पद्धत. थोडा पगार रोख, बाकीचं तुम्ही निवडायचं. या नऊ गोष्टींतल्या चार. ज्याला जे हवं ते. जबरदस्ती नाही."

त्येनं वाचून दावलं. पीठ, च्या-साखर, बूट, घोंगडं, औशद, पोरांच्या वह्या, गॅसची टाकी, फोनचा खर्च, आन् धा कोकरांमागं एक कोकरू. ह्यातल्या सा गोष्टी तर हाजी आधीपास्नंच द्यायचा, न मागता. आता त्यातल्याच चार निवडायची मोकळीक आली व्हती आमाला! गाढवाला इचारायचं, बाबा, वझं डाव्या अंगाला घेतोस का उजव्या?

मी बूट लिव्हायला लावले, कोकरू सोडलं. लाज वाटली, पन पाय फुटल्यात माझे.

"पीठ," यमना तंबूच्या दारातनं म्हनली. "च्या-साखर. औशद. आन् ह्येंचे बूट." बेलखैरच्या बुटाचा तळ तारंनं बांधलेला व्हता.

"बूट नगं," बेलखैर म्हनला. "कोकरू लिव्हा."

"अवो, सगळ्या मेंढ्या गाभडल्या औंदा! कोकराचं काय, हवा बांधनार दावनीला?"

"कोकरू सोडलं तर मी मेंढका कसला? निस्ता गडी." त्येनं माझ्याकडं बगितलं न्हाई, पन मला लागलंच.

नौफलनं लिव्हलं. मग पान उलटलं. "आता कुत्र्यांचं जव. ते तुमच्या पगारात नाही, कळपाच्या खर्चात. जितके कुत्रे तितकं मिळेल. बेलखैरकाका, तुमच्याकडे किती आहेत?"

बेलखैरनं घसा साफ क्येला. आता ह्यो बोलनार, म्या वळखलं. आन् बोलला की गेलं निम्मं जव.

"चार," यमना म्हनली.

माझा पेला हातातच ऱ्हायला. दोन म्हनली असती तर चाललं असतं. बाई चार म्हनली!

नौफलनं हिकडं तिकडं बगितलं. मेंढ्या समोरच चरत व्हत्या, उघड्या माळावर, मागं कुत्रं न्हाई की काय न्हाई. तंबूच्या सावलीत एकटा सबा निजला व्हता. त्येच्यापाशी तिन्ही पोरं उकिडवी बसून भाकर खात व्हती.

"यमनाकाकी, मला एकच दिसतोय."

"हायेत चार."

"नावं लिहावी लागतात."

"लिव्हा. सबा."

लिव्हलं त्येनं. म्होरं यमनाला काय सुचंना. वारा तंबूची कनात फडाफडा हानत व्हता. बेलखैर हळूच म्हनला, "यमने, नगं." तिनं ऐकलं न्हाई.

"रब्हा," ती म्हनली.

"काय गं आये?" थोरली पोरगी भाकर घिऊन उठून हुबी ऱ्हायली.

यमना तिच्याकडं बगतच नव्हती. "अय्याद," ती म्हनली. "तामू."

तामूला वाटलं आई बलवती. ती पळत आली आन् आईच्या झग्याला बिलगली. हातात भाकरीचा तुकडा, जाड, कोंड्याचा. नौफल त्या तुकड्याकडं बगत बसला. जव त्येच्याच पोत्यातलं, त्येला कळनार न्हाई व्हय? मग त्येनं मान खाली घातली आन् तिन्ही नावं लिव्हली. निगताना सलाम क्येला, पन वर बगितलं न्हाई.

गाडी धूळ उडवत गेली. आमच्यात मानसाला कुत्रा म्हनलं तर डोकी फुटत्यात. आन् हितं आईनं पोटच्या पोरांची नावं दिली, कागदावर, मालकाच्या देखत. मलाच ऐकवंना, बापाला काय झालं आसंल?

बेलखैर म्हनला, "यमने, माजं नाव का न्हाई सांगितलंस?"

"तुमी पगारी मानूस," ती म्हनली. "तुमाला निवडायला मिळतंय."

मग तिनं तव्यावरली भाकर मोडली आन् निम्मी त्येच्याम्होरं ठिवली.

"खावा. आता मेल्याच्या नावचं न्हाई त्ये. जित्यांच्या नावचं हाय."

बेलखैरनं भाकर उचलली. महिन्याभरानं पैला घास घ्येतला त्येनं त्या जवाचा. मी त्वांड वाऱ्याकडं क्येलं आन् मेंढ्या मोजत बसलो.