जिथे धूर थांबतो

उलानबातरच्या उत्तरेकडील आमच्या घळीत हिवाळ्याच्या संध्याकाळी धूर वर जात नाही. शेकडो चुली एकदम पेटतात, कोळशाच्या विटांचा धूर छपरांवर क्षणभर रेंगाळतो आणि थंडीच्या ओझ्याने खचल्यासारखा गल्ल्यांत उतरतो. त्या धुरात माझी ताई, उयांगा, सात महिन्यांची गरोदर होती. मागच्या हिवाळ्यात तिचे बाळ पोटातच गेले होते. घरात कोणी त्याविषयी बोलत नसे. मात्र या खेपेस डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितले होते, धुरातून बाहेर पडा.

बाहेर, म्हणजे कुठे? ताईचा नवरा दूर गोबीतल्या खाणीवर होता आणि आमचे गेर, म्हणजे लोकरीच्या नमद्यांचा गोल तंबू, सोडून शहरातला फ्लॅट घेणे आम्हाला परवडणारे नव्हते. फोनवर हवेच्या प्रदूषणाचा जो आकडा येई, तो मुख्य चौकातल्या यंत्राचा. आमच्या गल्लीचे दुःख त्याला माहीत नव्हते.

मी विद्यापीठात हवेतल्या सूक्ष्म कणांचा अभ्यास करतो. माणसांशी बोलताना माझे शब्द अडखळतात. आकड्यांशी मात्र माझे जमते. विभागातले हातात मावणारे मोजयंत्र मागून आणले आणि चुली पेटायच्या सुमारास चढ चढू लागलो. दाराशी आकडा चारशेच्या पुढे होता, पाणी भरायच्या टपरीपाशीही तेवढाच. वर, शेवटच्या कुंपणांपाशी, ओवूच्या दगडांची पूज्य रास दिसू लागली आणि थोड्याच पावलांत आकडा कोसळला: तीनशे, दीडशे, साठ. मी मागे वळलो. खाली राखाडी तळे साचले होते आणि त्या तळ्याला काठ होता. तळाशी कुठेतरी ताई चहात मीठ घालत असेल.

"बाबा, गेर वर हलवू या," घरी येताच मी म्हणालो.

बाबांनी चुलीवरची नजर काढली नाही. "भर हिवाळ्यात? आणि खालून पाणी कोण वाहणार?"

"मी."

"तू? भरल्या डब्यासकट तुलाच उचलून आणावं लागेल."

"ऐका तरी त्याचं," ताई म्हणाली. "वर्षातून एकदा तोंड उघडतो."

मी सांगितले: थंड हवा जड, ती घळीच्या बुडाशी बसते, तिच्यावर उबदार हवेचे झाकण पडते आणि धूर त्याखाली कोंडतो. आपण झाकणाच्या वर जायचे.

"ओवूच्या खाली म्हणतोस? गोम्बोसुरेनच्या कुंपणापाशी?"

"तिथंच. त्यांची अर्धी जागा मोकळी आहे."

बाबा स्वतःशीच हसले. "माझ्या बापानं हिवाळ्यात दरीच्या तळाला कधी मुक्काम केला नाही. मेंढ्या गारठतात म्हणायचा. छावणी कायम चढावर, दक्षिणेकडं तोंड करून. आणि मी शहरात आलो, तो बसथांबा जवळ म्हणून बुडाशीच गेर उभारलं." त्यांनी चुलीत एक वीट सरकवली. "मेंढ्यांसाठी जे कळत होतं, ते पोरीसाठी सुचलं नाही."

गोम्बोसुरेननी जागा द्यायचे कबूल केले आणि रविवारी गल्लीतले शेजारी आले. लाकडी जाळ्या मिटल्या, नमदे गुंडाळले, चूल ट्रकवर चढली. दुपारपर्यंत गेर वर उभे होते, दार दक्षिणेला. छप्पर आवळतोय तोच गोम्बोसुरेन यांची बायको रिवाजाप्रमाणे खारट दुधाचा चहा घेऊन आली.

"वर वारा फार," ती म्हणाली. "टोपी धरून बोलावं लागतं."

"आमचा तेमूलेन तसाही बोलत नाही," ताई म्हणाली. "त्याची टोपी वाचली."

संध्याकाळी धूर घळ भरत चढू लागला. टपरी बुडाली, शेवटच्या वळणावरचा दिवा बुडाला. आमच्या दाराच्या बऱ्याच खाली धूर थांबला. ताई बाहेर आली, तोंडावरचा मास्क उतरवून तिने खिशात घातला आणि पोटावर हात ठेवून उभी राहिली. मी यंत्र पाहिले. तिला दाखवायची गरज वाटली नाही.

खाली आमची जुनी गल्ली होती. सकाळी ज्यांनी आमचे नमदे उचलले, ते सारे त्या तळ्याच्या तळाशी चुली फुंकत होते. मनाला ते सोसवत नव्हते. पण चढावर त्यांच्यासाठी जागा अजून होत्या आणि काठ कुठे लागतो, हे मला आता ठाऊक होते.

मी मास्क लावला, रिकामे डबे उचलले.

"धुरात वाट चुकलास तर?" ताईने विचारले.

"चढ लागेल तिकडं वळायचं," मी म्हणालो आणि पाण्यासाठी खाली उतरू लागलो.