थोमाचा बाक

भिवंडीत कामवारी नदीकडे उतरणाऱ्या एका गल्लीत, यंत्रमागांच्या खडखडाटाच्या मधोमध, एक लहानसं चर्च होतं आणि त्यात बारा बाक होते. कुणा जुन्या सुताराने प्रत्येकाच्या पाठीवर प्रभूच्या एकेका शिष्याचं नाव कोरून ठेवलं होतं. प्रभूला दगा देणाऱ्या यहूदाच्या नावावर कोण बसणार, म्हणून त्याच्याऐवजी मत्तिया कोरला होता. त्यामुळे उपासना संपल्यावर "पेत्रावरची छत्री कुणाची?" असं कुणी विचारलं तर त्यात कुणालाच वावगं वाटत नसे.

जुलैत पूर आला आणि चर्चमध्ये छातीइतकं पाणी चढलं. ते ओसरलं तेव्हा बाक चिखलात एकमेकांवर चढून बसले होते. मोजले तर अकराच भरले. थोमा गेला होता.

थोमाच्या बाकावर शमुवेल दुशिंग चाळीस वर्षं बसत आले होते. नोकरीत ते ग्रंथपाल होते, आणि निवृत्तीनंतर चर्चच्या मंडळीचे सेक्रेटरी. कुणाशी फारसं बोलायचे नाहीत. चर्चची किल्ली मात्र त्यांच्याकडे असे. कुलूप लावलं की ते फाटकापर्यंत जायचे आणि लगेच मागे फिरून मागच्या दाराची कडी एकदा चाचपून पाहायचे. गल्लीतली पोरंसुद्धा ओरडायची, "सर, लागलीय कडी!"

पुरानंतर ते मागच्या दारासमोर बराच वेळ उभे राहिले. कडी सरळ होती. कोयंडा जागच्या जागी होता. लाकूड कुठे फुटलं नव्हतं.

"पाण्याने दार फोडलं हो," मागून येऊन चर्चचे पाळकसाहेब म्हणाले. "काय जोर असेल!"

दुशिंगांनी मान हलवली. ती हो म्हणून हलली की नाही म्हणून, हे त्यांचं त्यांनाही कळलं नाही.

पुढच्या रविवारी उपकारस्तुती होती. पुरात मंडळीतलं एकही माणूस दगावलं नव्हतं, त्याबद्दल देवाचे आभार मानायचे होते, आणि नुकसानीचा अहवाल सेक्रेटरींनी उभं राहून वाचायचा होता. गुरुवारी दुशिंग लिहायला बसले. 'पाण्याच्या जोराने मागचे दार' एवढं लिहून झालं आणि पेन थांबलं. पुराच्या आदल्या दिवशी, बुधवारी दुपारी, महिलांची सभा संपल्यावर आपण दार लावलं. कडी घातली का? फाटकापर्यंत गेलो, हे आठवत होतं. परत फिरलो का? इथे आठवणीचं पान कोरंच होतं.

शुक्रवारी सकाळी शेजारचे लूमवाले नूर मोहम्मद आले. पुरात मंडळीतली तीन कुटुंबं त्यांच्या माडीवर राहिली होती, आणि राहिलेले अकरा बाक अजून त्यांच्याच शेडमध्ये पंख्याखाली वाळत होते.

"दुशिंग सर, बाक मिला आपका," ते म्हणाले. "आमच्या टेम्पोवाल्याने बघितला. खाली खाडीच्या अंगाला एक पाडा आहे, तिथे. पण एक लफडा झालाय."

"मोडला का?"

"मोडला असता तर बरं. देव झालाय तो."

दुशिंगांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "देव म्हणजे?"

"आता ते तुम्हीच बघा. माझ्या तोंडून कशाला? मुसलमान माणूस मी, उगाच कुणाचं पाप वाढवेन." नूर मोहम्मद हसत होते. "चला, स्कूटरवर बसा. घट्ट धरा पण. मागच्या वेळी तुम्ही मला धरायचं सोडून पुस्तक धरलं होतं."

दुशिंगांच्या मनात एक साधा बेत होता. बाक गुपचूप आणायचा, वाळवायचा, जागेवर ठेवायचा. बारा झाले की दाराबद्दल कोण कशाला विचारेल? स्कूटरवर वाटभर ते हाच हिशोब घोळवत राहिले. तरी त्याच्याखाली दुसरं कुतूहल वळवळतच होतं: बाकाचा देव होतो तरी कसा?

पाडा टेकाडावर होता. सात-आठ कुडाची घरं, आणि खाली खाडीचा राखाडी चिखल. सागाच्या झाडाखाली थोमा उभा केला होता. आडवा नव्हे, चक्क उभा, वाघोबाचा लाकडी खांब उभा करतात तसा. एक टोक जमिनीत पुरलेलं, अंगभर शेंदूर. पायथ्याशी तांदूळ आणि कोंबड्याची पिसं. नावाची अक्षरं आडवी होऊन वरून खाली उतरत होती, आणि त्यांत शेंदूर भरल्यामुळे चाळीस वर्षांत दिसली नव्हती इतकी स्पष्ट दिसत होती.

घरातून एक दणकट माणूस बाहेर आला. हा वाघ्या. त्याच्यामागून पायाला फडकं बांधलेली त्याची बायको सखी लंगडत आली.

"दर्शनाला आला काय?" वाघ्याने विचारलं. "थोमोबा हाय त्यो. नाव लिवलेलंच हाय. आमच्या पोराने, भावेशने वाचलं."

नूर मोहम्मदांनी खाडीकडे तोंड फिरवलं. त्यांचे खांदे हलत होते.

"याला… इथे कुणी आणलं?" दुशिंगांनी विचारलं.

"त्योच आला," सखी म्हणाली. "मी शेली सोडाया खाली गेलते. पानी एकदम चढलं न् माझे पायच उचलले. धराया काय न्हाय, झाडबी न्हाय. तवा ह्यो आला. असा, माझ्याच अंगावर. मी गल्यात हात टाकला त्याच्या. दुपारपर्यंत सोडला न्हाय. मंग ह्येंनी दोर टाकला."

"आन् शेळी?" नूर मोहम्मदांनी विचारलं.

"ती आदीच वर चढली व्हती. तिला अक्कल हाय," वाघ्या म्हणाला.

सखीने त्याला कोपराने ढोसलं. मग ती दुशिंगांकडे निरखून बघायला लागली. "तुमचा हाय का ह्यो?"

"आमच्या चर्चचा. मी यावर बसतो."

"बसता?" वाघ्या दचकला. "देवावर?"

"आमच्याकडे तो बाक आहे."

सखीने यावर थोडा विचार केला. "मंग तुमीच सोडला व्हता काय त्याला?"

तिच्या प्रश्नात दोष नव्हता. तिला नुसतं जाणून घ्यायचं होतं. पाळकसाहेबांसमोर जे ओठांवर आलं नव्हतं ते दुशिंगांच्या तोंडून सहज निघून गेलं.

"सोडला नाही, बाई. दार माझ्याकडून उघडं राहिलं. मी कडी लावायला विसरलो."

"बरं झालं," सखी म्हणाली. "न्यायचा असंल तर न्या. तुमचा हाय. कोंबडा दिलाय आमी, आमचं देनं काय न्हाय ऱ्हायलं."

तिने असं म्हटलं खरं, पण तिचा हात बाकाच्या कडेवर होता आणि तो तिने काढला नाही. दुशिंगांनी बराच वेळ त्या हाताकडे पाहिलं.

"आज टेम्पो नाही," ते अखेर म्हणाले.

स्कूटर सुरू करताना नूर मोहम्मद पुटपुटले, "टेम्पो तो मेरा घरपेच खडा है, सर."

"माहीत आहे," दुशिंग म्हणाले.

रविवारपर्यंत अकरा बाक शेडमधून परत जागेवर आले होते. दुशिंग अहवाल घेऊन उभे राहिले. "मागचे दार पाण्याने फोडले नाही," त्यांनी वाचलं. "ते सेक्रेटरीच्या चुकीने उघडे राहिले. त्यामुळे एक बाक वाहून गेला. त्या बाकाला धरून एक बाई वाचली." मग सखीचं, शेळीचं, शेंदराचं, कोंबड्याचं, सगळं त्यांनी सांगितलं. इतकं लांब ते मंडळीपुढे कधीच बोलले नव्हते.

मग एकदम कुजबुज उठली. कुणी म्हणालं, ही तर प्रभूचीच योजना. कुणी म्हणालं, योजना असेल, पण आपल्या बाकाची मूर्तिपूजा? तो आजच्या आज आणला पाहिजे.

पुढच्या बाकावरून आनंदीबाई काठी टेकत उठल्या. वय नव्वदीला आलेलं, आवाज मात्र खणखणीत.

"अहो, बारा शिष्यांपैकी घर सोडून लांब, इकडे आपल्या देशात आला तो कोण? थोमाच ना? तो मुळातच बाहेरगावी जाणारा. जाऊ द्या त्याला. अकरा बाक पुरतात आपल्याला, रिकामेच असतात मेले!"

लोक हसले. पाळकसाहेबही हसले, मग गंभीर झाले. "मी जाईन पाड्यावर," ते म्हणाले. "त्या बाईला भेटेन. बाक मागायला नाही. दुशिंग सर, तुम्ही याल?"

दुशिंगांनी मान हलवली. या वेळी ती हो म्हणूनच हलली.

उपासना संपली, सगळे गेले. थोमाची जागा मोकळी होती आणि जाता जाता लोक सवयीने तिला वळसा घालत होते. दुशिंगांनी मागच्या दाराला कडी घातली, पुढे कुलूप लावलं आणि ते फाटकापर्यंत गेले. तिथून नेहमीप्रमाणे मागे फिरले, कडी चाचपली. लागली होती.

इतक्या वर्षांत एकदाही चुकलं नव्हतं हे परत फिरणं. मग त्या बुधवारीच आपण का फिरलो नाही? कुणी हाक मारली होती का? पाऊस वाढला होता? की डोक्यात अर्धवट वाचलेलं पान घोळत होतं? प्रभूची योजना म्हणून हात झटकायला त्यांचं मन तयार होईना, आणि नुसती विसरभोळेपणाची चूक म्हणायलाही.

कडीवर हात ठेवून ते विचार करत उभे राहिले.

"सर, लागलीय कडी!" गल्लीतून कुणीतरी ओरडलं.

"हो रे," ते म्हणाले, "ती लागलीय." पण हात काही लगेच निघाला नाही.